लाइट गेली की सोलापूरचा कॅमेरा पुण्यात दिसेनासा होतो: डायनॅमिक डीएनएस नेमकं कुठे अडतं

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. घर जुळे सोलापुरात किंवा विजापूर रोडला, नाहीतर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना. बघणारा माणूस पुण्यात नोकरीला. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) बसवलेला, राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं, क्रमांक असलेलं दार) उघडलेला, डायनॅमिक डीएनएसचं, म्हणजे घरच्या बदलत्या पत्त्याला ठरलेलं नाव देणाऱ्या डीडीएनएस सेवेचं, नाव घेतलेलं, आणि बाहेरून कॅमेरा दिसतही होता. मग दुपारी लाइट जाते, अर्ध्या तासानं येते, आणि तेव्हापासून फोनवर नुसतं गोल फिरत राहतं. घरी फोन लावला तर आई म्हणते, "नेट तर चालू आहे रे, टीव्हीवर मालिका दिसतीय." कुणीतरी राउटर बंद करून परत लावतं. कधी जमतं, कधी नाही. पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून सगळं.

अशा वेळी दोष लगेच डीडीएनएसवर येतो. लोक एक सेवा सोडून दुसरी घेतात, राउटर बदलतात, पोर्टचे आकडे बदलून बघतात. माझं म्हणणं एवढंच आहे की यातलं काहीही करण्याआधी राउटरला मिळालेला पत्ता आणि बाहेरच्या जगाला दिसणारा तुमचा पत्ता एकच आहे का, ते बघा. या एका तपासणीनं पुढचा सगळा रस्ता ठरतो. ती न करता केलेली दुरुस्ती म्हणजे अंदाजानं औषध घेणं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुम्हाला फक्त फोनवर कॅमेरा बघायचा असेल आणि कंपनीच्या ॲपमध्ये क्यूआर कोड स्कॅन करून तो दिसत असेल, तर तुम्हाला डीडीएनएसची गरज नाही. हिकव्हिजन, दाहुआ, सीपी प्लस यांच्या ॲपमध्ये डीव्हीआर स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला राहतो आणि फोन त्या सर्व्हरमार्फत त्याला गाठतो. घरचा पत्ता बदलला तरी तिथे फरक पडत नाही. डीडीएनएस लागतं ते कंपनीच्या सर्व्हरवर विसंबून राहायचं नसेल तेव्हा, घरी फायली ठेवायचा एनएएस असेल तेव्हा, पाणी आलं की मोटर लावायला होम असिस्टंट बसवलं असेल तेव्हा, किंवा कारखान्यातल्या हिशेबाच्या कॉम्प्युटरवर बाहेरून काम करायचं असेल तेव्हा. पुढचं सगळं अशा लोकांसाठी.

पत्ता का बदलतो

घरगुती कनेक्शनला इंटरनेटवाला जो आयपी पत्ता देतो, तो कायमचा नसतो. पुष्कळ फायबर कनेक्शन पीपीपीओईवर चालतात. राउटर युजरनेम-पासवर्ड देऊन आत शिरतो आणि त्या बैठकीपुरता त्याला एक पत्ता मिळतो. लाइट गेली, राउटर बंद पडला, बैठक मोडली. परत आल्यावर बहुधा दुसराच पत्ता हातात पडतो. डीडीएनएसचं काम इतकंच, की हा नवा पत्ता लगेच एका ठरलेल्या नावापुढे लिहून ठेवायचा. घरातलं एखादं यंत्र, राउटर किंवा डीव्हीआर किंवा कॉम्प्युटर, सेवेला कळवतं की माझा पत्ता आता हा आहे. सेवा तो नोंदवते. पुण्यातला फोन नाव विचारतो, त्याला नवा पत्ता मिळतो.

म्हणजे डीडीएनएस रस्ता दाखवतं, दार उघडत नाही. नाव अचूक पत्ता दाखवत असेल आणि तरी कॅमेरा दिसत नसेल, तर अडचण नावापलीकडे आहे. ही दोन कामं मनात वेगळी ठेवली की अर्धा गोंधळ मिटतो.

पहिली तपासणी

घरच्या वायफायवर बसून ब्राउजरमध्ये राउटरचं पान उघडा. सहसा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर असतं; राउटरच्या खालच्या चिठ्ठीवरही लिहिलेलं असतं. त्यात स्टेटस किंवा इंटरनेट किंवा वॅन (राउटरची बाहेरची, इंटरनेटकडची बाजू) या नावाचं पान असतं. तिथला आयपी कागदावर उतरवून घ्या. मग त्याच वायफायवरून गूगलमध्ये 'माझा आयपी काय' या अर्थाचा प्रश्न इंग्रजीत टाका, आणि दिसलेला आकडा त्याखाली लिहा. चार गटांचा, टिंबांनी तोडलेला आकडाच घ्या. लांबलचक, मध्ये दुटिंबं असलेला दिसला तर तो आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीतला आहे, त्याच्याकडे नंतर येऊ. हे करताना फोनवर व्हीपीएन (आपली जोडणी दुसऱ्या ठिकाणामार्फत नेणारा बंदिस्त मार्ग) चालू नको.

दोन्ही आकडे तंतोतंत सारखे असतील तर तुमच्याकडे खरा पब्लिक पत्ता आहे. डीडीएनएस तुमच्यासाठी चालू शकतं आणि दोष घरातच सापडेल.

सारखे नसतील, तर वॅनचा आकडा कशानं सुरू होतो ते बघा. १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी काही असेल तर तो खासगी पत्ता. तुमच्या राउटरच्या पुढे आणखी एक राउटर बसलेला आहे, तुमच्याच घरात किंवा इंटरनेटवाल्याकडे. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर शंकाच नाही, तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. हा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला.

सीजीनॅट म्हणजे इंटरनेटवाल्यानं एकच पब्लिक पत्ता अनेक घरांत वाटून देणं. त्यामागे कारण आहे. आयपीव्ही४ मध्ये, म्हणजे चार गटांच्या जुन्या पद्धतीत, एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. जगाचा शिल्लक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक भागाची संस्था शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आली. त्यानंतर धंद्यात उतरलेल्या छोट्या केबलवाल्याकडे हजारो गिऱ्हाईकांना पुरतील इतके पत्ते कुठून येणार? म्हणून एका पत्त्यामागे अनेक घरं. बाहेर जाणारं सगळं चालतं, यूट्यूब, बँक, व्हिडिओ कॉल. बाहेरून आत येणारं मात्र इंटरनेटवाल्याच्या यंत्रापाशी थांबतं, कारण ते कोणत्या घराकडे वळवायचं हे त्या यंत्राला ठाऊक नसतं. तुम्ही घरच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, त्या यंत्रावर तुमचा हात पोचत नाही.

"सहा महिने चालत होतं, आता अचानक बंद" या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं. गिऱ्हाईक वाढले की कनेक्शन न सांगता सीजीनॅटवर सरकवलं जातं. गिऱ्हाइकाला नेट नेहमीसारखं चालताना दिसतं, फक्त बाहेरून आत येणं थांबतं. लाइट जाऊन आल्यावर राउटर नव्यानं जोडला गेला, तेव्हा हा बदल लागू झाला, आणि आपण मात्र लाइटला किंवा डीडीएनएसला बोल लावत बसतो.

दोन डबे, दोन भिंती

वॅनचा आकडा १९२.१६८ नं सुरू होत असेल तर आधी घरातच बघा. फायबरवाला भिंतीवर जो डबा लावून गेला, ओएनटी म्हणा किंवा ओएनयू, तो बहुतेक स्वतःच राउटरचं काम करत असतो. त्याच्यापुढे तुम्ही दुकानातून चांगल्या रेंजसाठी आणलेला दुसरा राउटर लावला, की दोन राउटर एकामागे एक होतात. पोर्ट तुम्ही आतल्या राउटरमध्ये उघडता. बाहेरचा डबा बंदच राहतो.

यावर सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये (त्याचं राउटरचं काम बंद, नुसता पूल) टाकून घेणं आणि पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरणं. हे इंटरनेटवाल्याच्या माणसाला सांगावं लागतं, कारण ती माहिती त्याच्याकडे असते. तो नाही म्हणाला तर आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवा. तो मग फक्त वायफाय पसरवेल आणि पोर्ट फायबरच्या डब्यातच उघडता येईल. दोन्ही ठिकाणी पोर्ट उघडून साखळी जोडण्याचा मार्गही चालतो, पण त्यात दोन्ही डब्यांचे आतले पत्ते वेगळ्या मालिकेत हवेत. एकात १९२.१६८.१ असेल तर दुसऱ्यात १९२.१६८.०. दोन्हीकडे एकच मालिका असेल तर आतला राउटर गोंधळतो आणि कधी नेटही जातं.

या दोन डब्यांच्या भानगडीत डीडीएनएसही फसतं. आतल्या राउटरमधलं डीडीएनएस आपल्या वॅनचा आकडा उचलून सेवेला कळवतं, आणि तो आकडा असतो १९२.१६८.१.५ वगैरे. नावापुढे तेच नोंदलं जातं. पुण्यातला फोन त्या नावामागे गेला की पुण्याच्याच खोलीतल्या कुठल्यातरी यंत्राकडे जाऊन धडकतो. नावानं काय उत्तर दिलं ते कॉम्प्युटरच्या कमांड खिडकीत एनएसलुकअप, त्यापुढे नाव, असं टाकून बघा. उत्तरात खासगी पत्ता आला तर चोर सापडला. डकडीएनएससारख्या सेवेत कळवताना आयपीची जागा रिकामी सोडता येते. मग निरोप ज्या पत्त्यावरून आला तोच पत्ता सेवा धरते, आणि ही चूक होत नाही.

इंटरनेटवाल्याशी काय बोलायचं

सीजीनॅट निघालं तर फोन करावाच लागेल. तिथे "कॅमेरा दिसत नाही" म्हटलं की समोरचा विचारतो, "नेट चालू आहे ना?" आणि तुम्ही हो म्हणालात की संवाद संपतो. म्हणून नेमकं बोला: "माझ्या राउटरला वॅनवर १०० नं सुरू होणारा पत्ता मिळतोय. मी सीजीनॅटमागे आहे. मला पब्लिक आयपी पाहिजे, डायनॅमिक असला तरी चालेल." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. लोक थेट स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी मागतात आणि त्याचे वेगळे पैसे ऐकून मागे फिरतात. पण पब्लिक असलेला बदलता पत्ता मिळाला तरी डीडीएनएसचं काम होतं, आणि काही ठिकाणी तो नुसत्या विनंतीवर देतात. कारखान्यासाठी मात्र मी स्टॅटिकच घ्या म्हणेन. मालक बाहेरगावी असताना रात्रपाळीचे माग चालू आहेत का हे ज्याला बघायचं आहे, त्यानं पत्ता बदलण्याची कटकटच ठेवू नये.

पब्लिक पत्ता मिळणारच नसेल, तर पोर्ट उघडण्याचा नाद सोडा. मोबाइल सिमवर चालणाऱ्या राउटरलाही हेच लागू. मोहोळ किंवा बार्शीकडच्या शेतातल्या कॅमेऱ्याला ४जी राउटर लावलात, तर पब्लिक पत्त्याची आशा सहसा धरू नका. तिथे टेलस्केलसारखी सोय घ्या. घरातलं यंत्र आणि तुमचा फोन दोघंही आतून बाहेर जोडणी करतात, मधली सेवा त्यांची गाठ घालून देते, आणि सीजीनॅट आडवं येत नाही. डीव्हीआरवर हे सॉफ्टवेअर चढत नाही. पण घरात एक रास्पबेरी पाय (हातभर जागाही न लागणारा छोटा कॉम्प्युटर) किंवा जुना लॅपटॉप चालू ठेवून त्यालाच सबनेट राउटर केलं, की त्याच्यामार्फत डीव्हीआर, एनएएस, प्रिंटर सगळे गाठता येतात. टेलस्केल आपल्या यंत्रांना जे पत्ते देतं तेही १००.६४ च्याच पट्ट्यातले असतात. ते फोनवर बघून सीजीनॅट समजू नका. तपासायचा आकडा राउटरच्या वॅनच्या पानावरचा.

पत्ते जुळतात, तरी लाइट गेली की बंद

आता खरी डीडीएनएसची गोष्ट. वॅन आणि बाहेरचा आकडा जुळतो, पण लाइट आल्यावर नाव जुनाच पत्ता सांगत राहतं. इथे मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण घड्याळाचं आहे, आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

बहुतेक घरगुती राउटरमध्ये घड्याळासाठी सेल नसतो. लाइट गेली की त्याची वेळ जाते, आणि चालू होताना तो १९७० सालात किंवा कारखान्यातून निघालेल्या एखाद्या जुन्या तारखेवर जागा होतो. नेट मिळाल्यावर एनटीपी सर्व्हरला विचारून तो वेळ दुरुस्त करतो, पण त्याला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात डीडीएनएसचा निरोप सुरक्षित एचटीटीपीएस मार्गानं जायला निघतो. सेवेची ओळख पटवणारं प्रमाणपत्र २०२० नंतरचं आणि राउटरच्या लेखी आज १९७०. म्हणजे हे प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही! राउटर जोडणी नाकारतो, निरोप जात नाही. पुढचा प्रयत्न किती वेळानं होईल ते राउटरवर अवलंबून. काही राउटर पाच-दहा मिनिटांत परत करून बघतात, काही तासन् तास गप्प बसतात. म्हणून "कधी आपोआप येतं, कधी येत नाही" असा भास होतो.

याला उपाय आहे. राउटरच्या वेळेच्या पानावर एनटीपी चालू आहे का आणि टाइम झोन भारताचा, म्हणजे अधिक ५:३०, आहे का ते बघा. डीडीएनएसच्या पानावर पुन्हा कळवण्याचा कालावधी असेल तर तो कमी करा. आणि जमत असेल तर कळवण्याचं काम राउटरकडून काढून घरात सतत चालू असणाऱ्या दुसऱ्या यंत्राला द्या. रास्पबेरी पायवर क्रॉन (ठरल्या वेळी काम करवणारी सोय) लावून दर पाच मिनिटांनी डकडीएनएसला निरोप पाठवता येतो. उत्तरात 'ओके' आलं तर झालं, 'केओ' आलं तर टोकन (सेवेनं दिलेली गुप्त खूण) किंवा नाव चुकलंय. वेळ चुकली म्हणून एक निरोप वाया गेला तरी पाच मिनिटांनी दुसरा जातोच. मी स्वतः हाच मार्ग पसंत करतो.

डीव्हीआरकडेही एकदा बघा. त्याच्यात घड्याळाचा सेल असतो, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या कपाटात काही वर्षं काढलेल्या डीव्हीआरचा सेल संपलेला असतो. मग रेकॉर्डिंग भलत्याच तारखेला पडतं, आणि डीव्हीआरमधूनच डीडीएनएस चालवत असाल तर वरचीच अडचण तिथेही येते.

कळवणारं यंत्र एकच ठेवा. राउटरमध्येही भरलं, डीव्हीआरमध्येही भरलं, लॅपटॉपवरही टाकलं, असं करू नका. लॅपटॉपचा धोका सर्वांत मोठा. सुट्टीत घरी असताना त्यावर डीडीएनएसचं सॉफ्टवेअर टाकलं आणि तोच लॅपटॉप पुण्याला नेला, की तो इमानदारीनं पुण्याचा पत्ता कळवतो. सोलापूरच्या घराचं नाव पुण्याच्या खोलीकडे वळतं. घरचा राउटर आपला पत्ता बदललेला नाही म्हणून गप्प राहतो.

सेवेकडून मिळणारं उत्तर राउटरच्या लॉगमध्ये दिसतं, ते वाचायला शिका. जुन्या डिनडीएनएस पद्धतीनं चालणाऱ्या सेवा 'गुड' म्हणाल्या तर पत्ता बदलला, 'बॅडऑथ' म्हणाल्या तर पासवर्ड चुकला, 'अब्यूज' म्हणाल्या तर तुम्ही गरज नसताना फार वेळा निरोप पाठवलात म्हणून नाव अडवलंय. नो-आयपीच्या फुकट नावाला दर ३० दिवसांनी ईमेलमधून होकार द्यावा लागतो. तो राहिला की नाव जातं. महिन्या-दीड महिन्यानं नेमानं बंद पडत असेल तर लाइटचा काही संबंध नाही, ईमेलचा डबा उघडा. ज्यांच्या जुन्या डीव्हीआरमध्ये अजून फुकटच्या डिनडीएनएसचं नाव भरलेलं आहे, त्यांनी ते पुसून टाका. ती फुकट सेवा २०१४ च्या मे महिन्यात बंद झाली.

नाव बरोबर, पत्ता बरोबर, दार बंद

नाव नवा पत्ता देतंय, तोच वॅनवर आहे, तरी कॅमेरा नाही. आता पोर्टकडे या.

आधी तपासायची जागा बदला. घरच्या वायफायवर बसून बाहेरचं नाव उघडून बघू नका. पुष्कळ राउटरना आतून बाहेर जाऊन परत आत यायचं जमत नाही, आणि चालू असलेली जोडणीही बंद वाटते. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा.

मग डीव्हीआरचा घरातला पत्ता बघा. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये तुम्ही लिहिलंय १९२.१६८.१.५०, पण लाइट आल्यावर सगळी यंत्रं एकदम जागी झाली आणि राउटरनं ५० हा पत्ता आईच्या फोनला किंवा टीव्हीला देऊन टाकला. आता बाहेरून आलेला प्रत्येक निरोप टीव्हीकडे जातोय. लाइट गेल्यावर बंद पडणाऱ्या कॅमेऱ्यांमध्ये घड्याळाखालोखाल हे कारण आहे. राउटरच्या डीएचसीपी पानावर (घरातल्या यंत्रांना पत्ते तिथून वाटले जातात) डीव्हीआरच्या मॅक पत्त्याला, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला, तो आकडा राखून ठेवा, रिझर्व्हेशन म्हणतात ते.

डीव्हीआरला हातानं पत्ता भरलेला असेल तर त्याचा गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या वाटेसाठी भरलेला राउटरचा पत्ता, जरूर बघा. राउटर बदलला, नव्याचा पत्ता १९२.१६८.१.१, पण डीव्हीआरमध्ये गेटवे अजून जुन्या राउटरचा, शेवटी २५४ असलेला. घरात टीव्हीवर, फोनवर कॅमेरा झकास दिसतो, कारण घरातल्या घरात गेटवे लागत नाही. बाहेरून मात्र निरोप आत येतो आणि उत्तराला परतीची वाट नसते. कितीतरी लोक यात दिवस घालवतात, आणि दुरुस्ती असते एका आकड्याची.

पोर्टचे आकडे: हिकव्हिजनला सहसा ८०००, दाहुआ आणि बऱ्याच सीपी प्लसला ३७७७७, थेट चित्रासाठी ५५४, होम असिस्टंटला ८१२३. ब्राउजरचा ८० पोर्ट काही इंटरनेटवाले घरगुती कनेक्शनला अडवून ठेवतात, तेव्हा बाहेरून दुसरा आकडा घ्या. पण हे आकडे सांगताना मला खरं तर तुम्हाला ते वापरू नका असंच सांगायचं आहे.

डीव्हीआर उघड्यावर ठेवू नका

२१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या कंपनीवर हल्ला झाला. घरगुती डीडीएनएस लोकांना शिकवणारी हीच ती कंपनी. ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट यांसारखी मोठी नावं काही तास अनेकांना उघडेनात. हल्ला करणाऱ्या यंत्रांत मोठा भरणा होता तो लोकांच्या घरातल्या कॅमेऱ्यांचा, डीव्हीआरचा आणि राउटरचा. मिराय नावाच्या सॉफ्टवेअरनं कारखान्यातून आलेले साठेक युजरनेम-पासवर्ड एकामागून एक लावून ती ताब्यात घेतली होती. पुढे २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक कॅमेऱ्यांत अशी खोट सापडली, की पासवर्ड नसतानाही बाहेरून त्यांच्यावर आज्ञा चालवता येत होत्या. फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत केलं तर ती बुजते, पण गल्लीतल्या दुकानात बसवून घेतलेल्या डीव्हीआरचं फर्मवेअर नंतर कोण बघतं?

आपल्या घरात म्हातारे आईवडील एकटे असतात, गड्डा यात्रेच्या दिवसांत घर कुलूपबंद असतं, म्हणून आपण कॅमेरा लावतो. तोच कॅमेरा कुणीही उघडू शकत असेल तर घर रिकामं आहे हे आपणच सांगतोय. त्यामुळे पोर्ट एकच उघडा, व्हीपीएनचा. वायरगार्ड आता बऱ्याच राउटरमध्ये तयार मिळतं. त्याचा नेहमीचा पोर्ट ५१८२०, यूडीपी. डीडीएनएसचं नाव वायरगार्डमध्ये भरायचं, फोनवरून आधी वायरगार्ड जोडायचं, आणि मग डीव्हीआर घरातल्याच पत्त्यानं उघडायचा. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला वायरगार्ड उत्तरसुद्धा देत नाही.

याची एक खोड लक्षात ठेवा. वायरगार्ड नावाचा पत्ता जोडणी सुरू होतानाच विचारून घेतं. मध्येच घरचा पत्ता बदलला तर फोन जुन्याच पत्त्याकडे बोलत राहतो. तेव्हा फोनवर वायरगार्ड एकदा बंद करून परत चालू करायचं, बस. दुरुस्ती शोधत घरी फोन करायची गरज नाही. दुसरं म्हणजे पुण्याच्या खोलीतलं वायफाय आणि सोलापूरचं घर, दोन्हीकडे १९२.१६८.१ मालिका असेल तर फोनला कळत नाही की १९२.१६८.१.५० कुठला. घरची मालिका आधीच वेगळी ठेवा, समजा १९२.१६८.७७.

आयपीव्ही६ चा मार्ग कुणाला

सीजीनॅटमागे असलेल्या काही कनेक्शनना आयपीव्ही६ मात्र खरं, पब्लिक मिळतं. राउटरच्या स्टेटस पानावर २ नं सुरू होणारा लांब पत्ता दिसला तर ही वाट खुली आहे. डीडीएनएसमध्ये त्याची नोंद वेगळी होते, चार ए असलेल्या रेकॉर्डमध्ये. पोर्ट फॉरवर्डिंग लागत नाही, पण राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या यंत्रापुरती परवानगी द्यावी लागते, आणि इंटरनेटवाल्यानं दिलेल्या काही डब्यांत ती सोयच नसते. इथे पत्ता राउटरचा नाही, ज्या यंत्राला गाठायचं त्याचाच नोंदवावा लागतो. बघणाऱ्या फोनलाही आयपीव्ही६ हवं. मोबाइल डेटावर ते बहुतेक असतं, ऑफिसच्या वायफायवर पुष्कळदा नसतं. जुन्या डीव्हीआरसाठी हा रस्ता मी सुचवणार नाही. वायरगार्ड चालवणारं छोटं यंत्र घरात असेल तर मात्र करून बघण्यासारखा आहे.

लाइटचा बंदोबस्त

दोष दुरुस्त झाल्यावरही राउटर दर वेळी बंद पडू न देणं चांगलंच. इन्व्हर्टरवर असलेला राउटरसुद्धा लाइट जाण्या-येण्याच्या क्षणी एक झटका खाऊन पुन्हा सुरू होऊ शकतो, आणि पत्ता तेवढ्यातच बदलतो. राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस यावर पुरतो. घेताना ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. बहुतेक राउटर आणि फायबरचे डबे १२ व्होल्टचे असतात, पण काही ९ चे निघतात. दोन्ही डबे यूपीएसवर हवेत, एकच नको.

तरीही नेट जात असेल तर दोष घराबाहेर आहे. थेट फायबरच्या जाळ्यात रस्त्यावरच्या फाटाफोडीच्या डब्यांना वीज लागत नाही, त्यामुळे गल्लीतली लाइट गेली तरी जोडणी राहू शकते. पण एखाद्या अपार्टमेंटच्या गच्चीवर स्विच ठेवून तिथून घरोघरी वायर टाकली असेल, तर त्या गच्चीवरची लाइट गेली की सगळी गल्ली बंद. फायबरच्या डब्यावर लॉस नावाचा लाल दिवा लागला तर प्रकाशच पोचत नाहीये. तेव्हा घरात काही चाचपडू नका, सरळ फोन करा.

सगळं बसवून झालं की एक चाचणी करा. घरी असताना राउटर आणि फायबरचा डबा यांचा प्लग काढून ठेवा, यूपीएसवर असतील तर त्याच्यावरूनही काढा, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. लगेच लावले तर पुष्कळदा जुनाच पत्ता परत मिळतो आणि चाचणी फुकट जाते. परत लावल्यावर वॅनचा नवा आकडा लिहून घ्या, मोबाइल डेटावरून नाव काय उत्तर देतं ते दर दोन-तीन मिनिटांनी बघा, आणि नाव बदलल्यावर व्हीपीएन जोडून डीव्हीआर उघडा. नाव बदललं नाही तर घड्याळ आणि कळवणारं यंत्र. नाव बदललं पण जोडणी नाही, तर राखीव पत्ता आणि गेटवे. ही चाचणी हुतात्मा एक्सप्रेसनं निघायच्या पहाटे करू नका. सुट्टीला आल्या दिवशीच करा, म्हणजे इंटरनेटवाल्याचा माणूस घरी बोलवायला हाताशी दिवस राहतात.